दाणी मॅडमची खुर्ची

आमच्या शाळेत हार आणायचं काम माझ्याकडे होतं. लिपिकाच्या नेमणूकपत्रात ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळी नोकरी मी ते केलं. ढाणकी हे बाजाराचं गाव. कापूस, हळद, जनावरं, बी-बियाणं सगळं मिळतं, हार मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. जयंती असो, पुण्यतिथी असो की कोणाचा निरोप समारंभ, "वानखडे बाबू, हाराचं पाहा" एवढं म्हटलं की मुख्याध्यापक मोकळे. मागच्या वर्षी शाळेतल्या नव्या बाबूचा मला पुण्यात फोन आला. मुलाकडे राहायला आल्यापासून गावचे फोन कमीच. तो म्हणाला, "सर, दाणी मॅडम गेल्या. उद्या शोकसभा हाये. तुम्ही हार कोणाकडून घेत होते?" मी त्याला फुलवाल्याचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो. माझ्या हातून गेलेल्या इतक्या हारांपैकी एकच हार चुकीच्या जागी पडला होता, आणि तो दाणी मॅडमनी काढलेल्या चित्रावर पडला होता.

मालती दाणी आमच्याकडे चित्रकला शिकवायला आल्या त्या यवतमाळहून. वडील कचेरीत शिरस्तेदार, काका वकील, घरातले सगळे इस्त्रीच्या कपड्यातले. अशा घरातली ही मुलगी नखात रंग घेऊन आमच्या स्टाफरूममध्ये पोहे खायची. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, पदर कायम खोचलेला. काहीही पाहताना त्यांचं डोकं एका बाजूला कलंडायचं. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची स्टाफरूमची फार इच्छा होती, पण तेवढी हिंमत शेवटपर्यंत कोणाची झाली नाही.

पोरांच्या चित्रांना त्या गुण द्यायच्या नाहीत. म्हणजे शेवटी निकालपत्रकासाठी द्यायच्या, तेही मी मागे लागून लागून. एरवी कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं दोनच शब्द लिहायच्या: "पाहिलं" किंवा "पाहिलं नाही". पाचवीतल्या पोरांनी दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड काढलं की त्या विचारायच्या, "काहून रे, ढाणकीत नारळाचं झाड कुठं पाह्यलं तू? मलाही दाखव." पोरगं खाली मान घालायचं. पुढच्या आठवड्यात त्याच कागदावर बाभूळ यायची, तिला अडकलेल्या पतंगासकट. मग "पाहिलं".

मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. एकदा पगारपत्रकावर सही करता करता म्हणाल्या, "वानखडे, मागं वळू नका. तुमच्या खिडकीतून काय काय दिसतं, सांगा." मी म्हटलं, "मैदान, कंपाउंड अन् निंबाचं झाड." त्या म्हणाल्या, "निंब तोडून सहा महिने झाले." मी वळून पाहिलं. खरंच निंब नव्हता. मला राग आला होता. माणसानं आपलं काम करावं की खिडकीतून बाहेर पाहावं?

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्यांच्याबद्दल मी नवीन काही सांगणार नाही, पेपरवाल्यांचं पुष्कळ सांगून झालं आहे. आमच्या शाळेत ती वर्षं दोन ठिकाणी दिसायची. एक हजेरीपटात आणि दुसरं दाणी मॅडमच्या टेबलावर. आसपासच्या गावांतली माणसं ओळखपत्रावरचा नाहीतर लग्नाच्या फोटोतून कापलेला, घरच्या गेलेल्या माणसाचा एक बारकासा चेहरा त्यांच्यासमोर ठेवायची. "मॅडम, एवढा मोठा करून द्या न. भिंतीवर लावाले काहीच नाही." मॅडम करून द्यायच्या. रोज शाळा सुटल्यावर त्यांचं तेच काम चाललेलं असायचं. मी कुलूप लावायला थांबायचो तेव्हा समोर कोणातरी अनोळखी माणसाचा चेहरा हळूहळू कागदावर येत असायचा.

एक दिवस एक म्हातारी नवऱ्याचा फोटो घेऊन आली. फोटोत त्याचे डोळे मिटलेले होते. "एवढे डोळे उघडून द्या मॅडम," ती म्हणाली. मॅडमनी विचारलं, "कसे होते डोळे? मोठे होते, बारीक होते?" म्हातारी विचारात पडली. मग म्हणाली, "नीट पाह्यलेच नाही वो कधी." आणि रडायला लागली. मेल्याचं रडणं ते नव्हतं, वेगळंच होतं. मॅडमनी अंदाजानं डोळे काढून दिले. ती गेल्यावर टेबल आवरताना मला म्हणाल्या, "गेलेल्यांचं पुरे झालं आता. जे आहेत त्यांच्याकडं कोणी पाहून राह्यलं नाही."

त्यानंतर ती खुर्ची आली. घडीची, लोखंडी, हिरव्या निवारीची. दर रविवारी ती लुनाच्या मागं दोरीनं बांधून मॅडम खेड्यापाड्यांत आणि तांड्यांवर, मागं राहिलेल्या बायकांची चित्रं काढायला जाऊ लागल्या. आमच्याकडे कोणाच्याही घरी गेलं की घरात असलेली एकुलती एक खुर्ची पाहुण्याला देतात आणि घरची बाई खाली बसते, नाहीतर चौकटीला टेकून उभी राहते. मॅडमचा नियम उलटा होता. बाई खुर्चीवर बसणार आणि मॅडम खाली, मातीत मांडी घालून. बाईनं तिला वाटेल ते नेसावं आणि मॅडमकडे सरळ पाहावं. तिनं "बस झालं" म्हटलं की काम बंद, मग चित्र अर्धं का राहीना. नवऱ्याचा फोटो मात्र हातात धरायचा नाही.

मी हे एकदाच डोळ्यांनी पाहिलं. लुना बिघडली होती आणि मॅडमनी मला स्कूटर काढायला लावली. फुलसावंगीच्या अलीकडच्या एका तांड्यावर जायचं होतं, सोनाबाई राठोडकडे. सोनाबाई तिशीतली, नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. घरात सासू आणि सहा-सात वर्षांची मुलगी. पेपरवाले, संस्थावाले येऊन गेलेले होते. त्यामुळं गाडीचा आवाज ऐकताच सोनाबाई आत गेली आणि नवऱ्याचा हार घातलेला फोटो छातीशी धरून दारात येऊन उभी राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, तिला ते पाठ झालं होतं. मॅडमनी फोटो तिच्या हातून घेतला आणि आत जाऊन परत खिळ्याला अडकवला.

"मंग काय धरू?" सोनाबाईनं विचारलं.

"काही नको. हात मांडीवर ठेव."

"अन् पाहू कुठं?"

"माझ्याकडं."

सासू खाली बसलेली असताना सून खुर्चीवर बसेना. सासूनंच शेवटी तिला दटावलं, "बस न वं. बसाले काय मोल पडते?" मग सोनाबाई आत जाऊन साडी बदलून आली. हिरवीगार, घडी न मोडलेली साडी. सासूनं ती पाहिली आणि तोंड दुसरीकडं केलं. अर्धा तास झाला असेल, मागे दावणीला बकरी ओरडायला लागली. सोनाबाई हलायला पाहत होती आणि मॅडम हलू देत नव्हत्या. "किती येळ लागते वो मॅडम? बकरी दावं तोडन," ती वैतागून म्हणाली. तो वैताग चित्रात उतरला. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं मांडीवर, अंगावर हिरवी साडी, आणि चेहऱ्यावर तुमचं काय ते लवकर आटपा, मला कामं आहेत, असा भाव. मला चित्रातलं काही कळत नाही, पण त्या चित्रासमोर उभं राहिलं की आपणच तिचा वेळ खातोय असं वाटायचं.

हिवाळ्यात शाळेच्या सभागृहात मॅडमच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. ज्यांची चित्रं होती त्या सगळ्या बायकांना मॅडमनी स्वतः जाऊन बोलावलं. समोरच्या मुख्य भिंतीवर आमच्या संस्थापकांची तसबीर असायची. उजेड तिथं चांगला येतो म्हणून मॅडमनी ती आदल्या संध्याकाळी उतरवून माझ्या ऑफिसात आणून ठेवली आणि त्या खिळ्यावर सोनाबाईचं चित्र लावलं. मला हे माहीत होतं. तसबीर माझ्याच कपाटाला टेकून उभी होती.

सकाळी मी नेहमीसारखा हार घेऊन आलो. नेहमीसारखं स्टूल मांडलं, त्यावर पांढरा टॉवेल अंथरला, उदबत्त्या लावल्या, तबकात हार ठेवला. माझे हात त्या भिंतीखाली हे इतकी वर्षं करत आले होते की वर कोण आहे हे मी मान वर करून पाहिलंच नाही. सूत्रसंचालनही माझ्याकडेच होतं. पाहुणे आले, मी माइकवर म्हणालो, "आता मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन होईल." पाहुण्यांनी चपला काढल्या आणि हार उचलला. तेव्हा कुठं मी वर पाहिलं.

मी ओरडून थांबवू शकलो असतो. माइक माझ्या हातात होता. पण पाहुणे मोठे होते, कार्यक्रम सुरू झाला होता, आणि चुकलं हे चारचौघांत म्हणायची सवय मला नव्हती. हार सोनाबाईच्या चित्राला पडला. पाहुण्यांनी डोळे मिटून हात जोडले, त्यांचं पाहून सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि हात जोडले. कोणालाही ते वावगं वाटलं नाही. त्या वर्षांत आमच्याकडे भिंतीवरच्या चित्रातलं माणूस म्हणजे गेलेलंच असायचं.

सोनाबाई तिसऱ्या रांगेत उभी होती, तीच हिरवी साडी नेसून. सगळे गप्प असताना तिच्या मुलीचा आवाज आला, "याडी, तू मेली काय?" याडी म्हणजे आई. सोनाबाईनं मुलीचं मनगट धरलं आणि ती बाकांमधून वाट काढत निघून गेली. दाणी मॅडम तिच्या मागं धावल्या. मी माइकवर पुढचं स्वागतगीत जाहीर केलं.

पुढच्या आठवड्यात सोनाबाईला ताप आला. टायफॉईड होता, पण तांड्यावर सगळ्यांना कारण माहीत होतं. जित्या बाईला हार घातला, आता ती कशी वाचते? पाणी द्यायला शेजारणी येईनात. सासूनं नवससायास केले. सोनाबाईला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं म्हणे. मुलीला भावाकडे ठेवायची भाषा ती करायला लागली होती. मॅडम रोज शाळा सुटली की तिकडे जायच्या. डॉक्टरला लुनावर बसवून नेणं, औषध वेळेवर देणं, सगळं त्यांनी केलं. मी गेलो नाही. एकदाही गेलो नाही.

तांड्यावरची चार माणसं शाळेत आली आणि मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. मांडणी कोणी केली होती, हार कोणी ठेवला? मॅडम माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "टाइप करा. सदर चूक माझ्याकडून झाली असून..." मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या डोकं कलतं करून खिडकीबाहेर बघत होत्या. "मॅडम," मी म्हटलं, "हे बरोबर नाही." त्या म्हणाल्या, "तुम्हाला पोरगी लग्नाची आहे, पोरगा शिकतो आहे. मला कोण आहे? टाइप करा." आणि मी टाइप केलं. तीन प्रती काढल्या. त्यांनी खाली सही केली, मी शिक्का मारला. त्यांची एक वेतनवाढ थांबली, त्याचीही नोंद त्यांच्या सेवापुस्तकात माझ्याच अक्षरात आहे.

सोनाबाई वाचली. अंथरुणातून उठल्यावर तिनं मॅडमना सांगितलं, "थे चित्र फाडू नका. पण जिथं मी उभी नसन तिथं थे लावाचं नाही. मी नसली अन् चित्र असलं म्हणजे मी मेलीच न." मॅडमनी शब्द दिला. चित्र जुन्या चादरीत गुंडाळून त्यांच्या पलंगाखाली गेलं आणि तिथंच राहिलं, वर्षानुवर्षं. मॅडमनी पुढे पुष्कळ बायका काढल्या, पण तसं चित्र पुन्हा झालं नाही, असं त्याच म्हणायच्या. एकदा पलंगाखालून उंदराच्या लेंड्या निघाल्या तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "वानखडे, एक तरी चित्र अशा ठिकाणी राह्यलं पाहिजे जिथं ते उंदीर कुरतडणार नाहीत. बस. बाकी काही नको मला." एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. नंतर कुठून तरी नाव ऐकून नागपूरच्या एका संग्रहालयाच्या प्रमुख बाई ढाणकीला आल्या. मॅडमच्या दोन खोल्यांत त्यांनी सगळी चित्रं पाहिली, आणि पलंगाखालचं निघालं तेव्हा त्या खालीच बसल्या. प्रदर्शन भरवायचं ठरलं. हे चित्र मधोमध लागेल आणि नंतर कायमचं संग्रहालयात राहील, असं त्या म्हणाल्या. "नाहीतर प्रदर्शनाला अर्थ नाही," हेही म्हणाल्या. मॅडमनी मला फोन केला, आणि मी सुनेच्या भाषेत सांगायचं तर सगळं सोडून पुण्याहून आलो.

आम्ही जीप करून तांड्यावर गेलो. सोनाबाईचे केस पिकले होते, सासू गेली होती, मुलगी उमरखेडला नर्सिंग शिकत होती. मॅडमनी काही लपवलं नाही. संग्रहालयाचं सांगितलं, कायमचं राहील हेही सांगितलं. "तू नाही म्हणालीस तर नाही," म्हणाल्या. सोनाबाई शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "लावा न. मी येतो पाहाले. माह्या बाजूले उभी राहीन, लोकाईले दिसन का हे जिती हाये. पण मी निघाली का थे बी निघन." तिच्या बोलण्यात राग नव्हता. साधी अट होती. मॅडम म्हणाल्या, "बरं." त्यांना वाटलं असेल, मलाही वाटलं, की एकदा तिथं लोकांनी तिला चित्राशेजारी पाहिलं, मानलं, की ती आपणच म्हणेल, राहू द्या. संग्रहालयाच्या फॉर्ममध्ये मी मॅडमच्या सांगण्यावरून लिहिलं की चित्र कोणत्याही क्षणी परत नेण्याचा अधिकार चित्रकाराचा राहील. प्रमुख बाई हसून म्हणाल्या, असं सगळेच लिहितात.

प्रदर्शनाचा दिवस मला सबंध आठवतो. आत शिरताना दरवाज्यावर पाटी होती, फुलं आत आणू नयेत. मला बरं वाटलं. पांढऱ्या भिंती, वरून दिवे, फरशी इतकी स्वच्छ की सोनाबाईनं चपला बाहेर काढल्या आणि पहारेकऱ्यानं त्या परत घालायला लावल्या. एका ओळीत त्या सगळ्या बायका, खुर्चीवर बसून आपल्याकडे पाहणाऱ्या. मधोमध सोनाबाई. चित्राच्या उजव्या बाजूला खरी सोनाबाई जाऊन उभी राहिली, तीच हिरवी साडी, आता विटलेली. मॅडमनी खुर्ची आणली होती. "बस," म्हणाल्या. ती म्हणाली, "उभीच राह्यतो. बसली तं कोणाले दिसन?"

भाषणं झाली. मग लोक पाहायला सुटले. एक गृहस्थ चित्रासमोर बराच वेळ थांबले, मग सोनाबाईकडे वळले आणि विचारलं, "मावशी, पिण्याचं पाणी कुठंय?" तिला माहीत नव्हतं. दोन कॉलेजच्या मुली आल्या, चित्रातल्या बोटांबद्दल बोलल्या, किती ताकद आहे म्हणाल्या, आणि त्यांच्यातल्या एकीनं ओला कागदी कप सोनाबाईच्या हातात दिला. तिनं तो घेतला. कुठं टाकावा ते तिला कळेना, तशीच धरून उभी राहिली. मग एक बाई आल्या, छान सुती साडी, डोळे पाणावलेले. "बघ ना किती जिवंत आहे," त्या बरोबरच्या माणसाला म्हणाल्या. त्यांना चित्राशेजारी फोटो काढायचा होता. त्या सोनाबाईला म्हणाल्या, "ताई, जरा बाजूला होता का?"

सोनाबाई बाजूला झाली.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोकं कलतं करून. त्यांनी ते पाहिलं होतं. त्यांचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा पाहिला होता, सभागृहात बाकांमधून धावताना.

दीड वाजला तेव्हा सोनाबाई आमच्याकडे आली. "दोनची गाडी हाये मॅडम," एवढंच म्हणाली. कप अजून हातात होता. मॅडम मला म्हणाल्या, "वानखडे, ती चादर काढा पिशवीतून." मग त्या चित्रापाशी गेल्या, चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि खाली उतरवली. पहारेकरी धावला. प्रमुख बाई आल्या. आज उद्घाटन आहे, लोक आहेत, निदान महिनाभर, असं बोलत राहिल्या. चित्र कायमचं ठेवण्याचे कागद तयार आहेत हेही सांगून झालं. मॅडम चादरीच्या गाठी मारत होत्या. "ती निघाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट जपलं असतं, मला माहीत आहे. पण ती निघाली." प्रमुख बाईंनी विचारलं, "कोण निघाली?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. मॅडमनी हातानं दाखवलं. प्रमुख बाईंनी तेव्हा सोनाबाईकडे पहिल्यांदा पाहिलं.

स्टँडवर आम्ही तिघं रिक्षानं गेलो, चित्र आडवं मांड्यांवर घेऊन. ते आता सोनाबाईबरोबरच जायचं, असं मॅडमनी रिक्षातच सांगून टाकलं होतं. उमरखेड गाडी लागायची होती. मॅडम पाण्याची बाटली आणायला गेल्या आणि मी आणि सोनाबाई दोघंच राहिलो. इतकी वर्षं मी जे गिळून बसलो होतो ते मला आणखी एक मिनिट ठेववेना. मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी हार मी ठेवला होता. मॅडमनी नाही. चूक माझी होती."

ती माझ्याकडे पाहत राहिली, चित्रात पाहते तशी.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "माईक तुमच्याच हातात होता न. तुम्ही वर पाह्यलं, मंग मले पाह्यलं, अन् तरी बोलले नाही. मी तिसऱ्याच लाइनीत तं होती."

"मग बोलली काहून नाही कधी?"

"मॅडम म्हणे, मी केलं. त्याईले वाचवाचं होतं तुमाले." तिनं चादरीची गाठ घट्ट केली. "मी कायले त्याईले खोटं पाडू?"

मॅडम परत आल्या. गाडी लागली. कंडक्टरनं चौकटीचा आकार पाहून आवाज हळू केला आणि विचारलं, "कोण गेलं बाई?" सोनाबाई पायरी चढत म्हणाली, "कोणी नाही. माह्याच फोटो हाये." कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं आणि एक बाजूची सीट मोकळी करून दिली. खिडकीतून तिनं मॅडमना सांगितलं की भिंतीवर लावणार नाही, कणगीवर आडवं ठेवीन, उंदराची काळजी करू नका, मांजर हाये. मॅडम हसल्या. गाडी गेली.

ही दाणी मॅडमची आणि माझी शेवटची भेट. त्यानंतर त्या बहिणीकडे नागपूरला राहिल्या आणि मी पुण्यात. नंतर त्या ढाणकीला परत आल्या, आणि मागच्या वर्षी तो फोन आला. त्यांच्या शोकसभेतला फोटो मला कोणीतरी मोबाइलवर पाठवला, हार नीट पडलेला आहे. मी तो पाहिला आणि लगेच बंद केला. मला त्या दिसतात त्या स्टँडवरच्या.

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर त्या तिथंच उभ्या होत्या. रिकामे हात काय करावे हे त्यांना सुचत नव्हतं. मग म्हणाल्या, "पाय दुखून राह्यले हो वानखडे." घडीची खुर्ची माझ्या खांद्याला होती. मी ती उघडली. त्या खुर्चीवर मी त्यांना कधीही बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि बसल्या. हात मांडीवर ठेवले. नखात अजून रंग होता, हिरवा. डाव्या भिंगाला एक ओरखडा होता. एवढ्या वर्षांत तो मी पाहिला नव्हता.

मी फलाटावर, त्यांच्यासमोर, खाली बसलो.

"काय पाहता?" त्या म्हणाल्या.

"काही नाही मॅडम. बसा. मला घाई नाही."